पाटावरचं हेलिकॉप्टर

नाना पेडणेकरांच्या घरी संध्याकाळी पंखा बंद असतो. मे महिना असो की ऑक्टोबर, खिडक्या लावलेल्या, पडदे ओढलेले आणि आत जो कोणी बसला असेल त्याच्या डोळ्यांवर प्लॅस्टिकचा गॉगल. तुम्ही सहज वाटीभर साखर मागायला गेलात तरी नाना दारातच तुमच्या हातात गॉगल ठेवतात आणि म्हणतात, "आधी डोळे. मग साखर."

या सगळ्याचं कारण एक वीतभर लांबीचं, लाल रंगाचं, रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर आहे. ते घरातच उडवायचं असतं. पंख्याच्या वाऱ्यानं ते भरकटतं म्हणून पंखा बंद. खिडकीतून ऊन आलं तर रिमोटचा किरण त्याला दिसत नाही म्हणून पडदे बंद. त्याची पाती प्लॅस्टिकची असली तरी डोळ्याला लागली तर डोळा जातो, म्हणून गॉगल. माझी बायको एकदा मोकळ्या केसांनी तिकडे गेली, तर नानांनी तिला रबरबँड दिला आणि केस बांधून होईपर्यंत उंबऱ्याबाहेर उभं केलं. तेव्हापासून ती साखर दुकानातूनच आणते.

नाना हे असे पहिल्यापासूनच. आयुष्यभर ते एका विमा कंपनीत अपघाताच्या दाव्यांच्या विभागात कारकून होते. कोणाचं बोट मशीनमध्ये गेलं, कोणाची साडी शेगडीवर पेटली, कोण स्टुलावरून पडलं, हेच वाचत त्यांचे केस पिकले. त्यामुळे तुम्हा-आम्हाला जिथे नुसतं स्टूल दिसतं तिथे त्यांना फ्रॅक्चर दिसतं. त्यांच्या मते जगातल्या गोष्टी दोनच प्रकारच्या, क्लेम बसणाऱ्या आणि न बसणाऱ्या. चाळीतल्या कोणाचं लग्न मोडलं तर नाना म्हणायचे, "क्लेम बसणार नाही. आधीपासूनचा आजार होता." मला एकदा कार्यालयात बढती नाकारली गेली, तेव्हाही ते हेच म्हणाले. त्यांनी स्वतः लग्न का केलं नाही असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "कागदपत्रं अपुरी पडली."

चाळीत आमच्या खोल्या लागून होत्या. चाळ पडली, लालबागमध्ये त्याच जागेवर टॉवर उभा राहिला आणि चिठ्ठ्या टाकून घरं वाटली तेव्हा नाना पुन्हा बरोबर माझ्या समोर आले. मला वाटलं, बरं झालं, शेजार तोच राहिला. पण टॉवरमध्ये शेजार राहत नाही. चाळीत दिवसभर दारं उघडी असायची. कोणाकडे बांगडा तळला जातोय आणि कोणाकडे नुसताच वास घेतला जातोय, सगळं माहीत असायचं. इथे दारं लागली ती लागलीच. मिरची कांडपाचा ठसका खालून एवढ्या वर येतो, पण समोरच्या घरात माणूस आजारी आहे हे कळत नाही. वर्ष-वर्ष लोक लिफ्टमध्ये एकमेकांना भेटतात आणि आकड्यांकडे बघत उभे राहतात. त्यात मीही आलोच.

नानांच्या घरात आणखी एक माणूस आहे, त्यांची थोरली बहीण. तिला सगळेच बाय म्हणतात. तरुणपणीच नवरा गेला आणि कडेवरच्या मुलाला घेऊन ती भावाच्या खोलीत आली, ती कायमचीच. मुलाला वाढवलं, भावाला जेवू घातलं आणि दोघांनाही सारखंच रागावली. तो मुलगा, संजय, आता पनवेलला असतो. नवरा-बायको दोघं नोकरी करतात.

बायला काचबिंदू झाला. एक डोळा पूर्णच गेला. दुसऱ्यात थोडा उजेड उरला आहे, दार कुठे आहे आणि समोर माणूस उभा आहे एवढं कळण्यापुरता. डॉक्टरांनी सांगितलं, रोज संध्याकाळी औषधाचा थेंब, जन्मभर. चुकलात तर हाही जाईल, आणि गेलेला परत येत नाही. हा थेंब नाना घालायचे. बाटलीचं टोक डोळ्याला न लावता, बोटभर वरून, अगदी नेमका. मग एके दिवशी नानांचा हात थरथरू लागला.

एवढीच या माणसाची गोष्ट आहे. एक डोळा आणि एक हात.

डॉक्टरांनी नानांनाही गोळ्या दिल्या आणि हाताला बारीक काम द्या म्हणाले. कोणी वाटाणे सोलायला सांगितलं, कोणी मोगऱ्याचे गजरे. नाना बाजारात गेले आणि हेलिकॉप्टर घेऊन आले. ज्या माणसानं दिवाळीत कधी फुलबाजी हातात धरली नाही, त्यानं हे खेळणं आणलं याचं मला नवल वाटलं. मी तसं म्हटलं.

"विनायक, वाटाणे सोलताना हात हलला तर वाटाणा काही बोलतो का?" नाना म्हणाले. "हे बोलतं. अंगठा जरा चळला की लगेच भिंतीवर जातं."

मग रोज संध्याकाळी उड्डाण. चाळीतून आणलेला जेवायचा एक लाकडी पाट खोलीच्या मधोमध मांडायचा. हेलिकॉप्टर उचलून पाती उजेडासमोर धरायची, कुठे चीर नाही ना. सगळे बारके स्क्रू चिमटीतल्या पेचकसानं तपासायचे. दांड्याला केस गुंडाळलेला असेल तर तो चिमट्यानं काढायचा. तो बहुधा बायचाच पांढरा केस असे. आधी रिमोट सुरू, त्यावरचा वेगाचा खटका अगदी खाली, मग हेलिकॉप्टर. ते डावीकडे गिरकी घ्यायला लागलं की बाजूचं छोटं बटण दाबून सरळ करायचं. कुठे धडकलं तर त्या क्षणी खटका खाली, नाहीतर मोटर जळते. उतरल्यावर लगेच हात लावायचा नाही, गरम बॅटरी लगेच चार्ज करायची नाही. आणि शेवटी ते पाटावर उतरवायचं. पाटावर उतरलं की आजचा हात पास. मग थेंब.

बाय कोपऱ्यातल्या खुर्चीवर गॉगल घालून बसलेली असायची. तिला हेलिकॉप्टर दिसत नव्हतं, पण गॉगलमधून सुटका नव्हती.

"फॅन लाव रे मेल्या, जीव चललो माझो," ती म्हणायची.

"उड्डाण चालू असताना नाय," नाना म्हणायचे.

चार्जिंगचाही एक सोहळा होता. या बॅटऱ्या कधी कधी फुगतात आणि पेट घेतात असं नानांनी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून त्यांनी एक मडकं आणलं, त्यात वाळू घातली आणि चार्जिंग त्यातच. वेळ आली तर उचलून बाहेर नेता यावं म्हणून मडक्याला सुतळी बांधली. मी हसलो, तेव्हा त्यांनी मला एका माणसाच्या भाजलेल्या पायाची साग्रसंगीत हकिगत ऐकवली.

आणि एका रविवारी दुपारी ती बॅटरी खरोखरच फुगली आणि धूर निघाला. नानांना आयुष्यात इतका आनंद क्वचित झाला असेल. त्यांनी वायर काढली, सुतळी धरून मडकं उचललं, बाहेर लॉबीत दारासमोर ठेवलं, धूर आत येऊ नये म्हणून दार लावून घेतलं आणि ते खिडक्या उघडायला गेले. सगळं अगदी नियमाप्रमाणे.

तेवढ्यात लिफ्टमधून वरच्या मजल्यावरच्या एक बाई बाहेर आल्या. बंद दार, दारासमोर मडकं, मडक्याला सुतळी आणि मडक्यातून धूर. आपल्याकडे याचा अर्थ एकच होतो. अशा वेळी बेल वाजवून खात्री कोण करून घेतो? बघता बघता लॉबी भरली. चाळ पडल्यापासून न दिसलेली माणसं दिसली. पुरुष चपला काढून भिंतीला टेकून उभे, बायकांचे पदर तोंडाशी.

"बाय का नाना?" कोणीतरी हळूच विचारलं.

"बायच. किती दिवस दिसली नाही."

कोणीतरी संजयला पनवेलला फोनही केला. मीही दार उघडून बाहेर आलो, हात जोडून उभा राहिलो आणि बायच्या हातच्या सोलकढीबद्दल चार शब्द बोललो. तेवढ्यात नानांनी दार उघडलं. एवढी माणसं बघून त्यांनीही हात जोडले, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि खालच्या आवाजात मला विचारलं, "कोण गेलं रे?"

मी त्यांच्याकडे बघितलं, मग मडक्याकडे बघितलं. आतून बायचा आवाज आला, "कोण इलेत रे? बसव तेंका. मी च्या ठेवतंय." लोक खजील होऊन एकेक करत पांगले. एकटी बाय मात्र खुशीत होती. दाराशी एवढे आवाज तिनं कित्येक दिवसांत ऐकले नव्हते. मला तेव्हा फार वाईट वाटलं. या बाईच्या दारात माणसं जमायला तिला मरावं लागत होतं.

संजय पोचला तो रडतच. आई चहात खारी बुडवून खात होती. हायसं वाटलं की माणूस चिडतो, तसा तो आधी मडक्यावर चिडला, मग हेलिकॉप्टरवर, मग दमून बसून राहिला. संध्याकाळ झाली. बॅटरी गेल्यामुळे त्या दिवशी उड्डाण नव्हतंच. नानांनी थेंबाची बाटली काढली. दिवसभराच्या दगदगीनं म्हणा किंवा भाचा बघतोय म्हणून म्हणा, हात नेहमीपेक्षा जास्त हलत होता. बाटलीचं टोक बायच्या पापणीवर आपटलं. तिनं डोळा गच्च मिटला. थेंब कानाकडे ओघळला.

संजयनं मामाच्या हातून बाटली घेतली आणि नीट थेंब घातला.

"मामा, हे चालणार नाही," तो म्हणाला. "एकच डोळा राहिलाय तिचा. आमच्याकडे दिवसभर कोण नसतं, पण बदलापूरच्या पुढे एक जागा आहे. नर्स असते, डॉक्टर येतो. मी दिवाळीपर्यंत बघतो. तेव्हा पण हात असाच असेल तर आईला घेऊन जाईन. तुम्ही राग मानू नका."

"नाय जायचा माका खंय," बाय म्हणाली.

नाना बाटलीचं झाकण हातात धरून बसले होते. मला वाटलं, आता ते काहीतरी कलम काढतील. ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं. क्लेम बसतो."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानंतर नवी बॅटरी आली आणि उड्डाणाची परीक्षा झाली. नानांना साक्षीदार हवा होता, म्हणून ऑफिसातून आलो की चहा घेऊन मी समोर जाऊन गॉगल लावून बसायचो. सुरुवातीला बरं चाललं. हेलिकॉप्टर डुलत डुलत पाटावर यायचं, नाना मान हलवायचे आणि आम्ही तिघं पंख्याखाली बसायचो. मग पावसाळा संपत आला तसं ते पाट चुकवू लागलं. कधी सोफ्याखाली, कधी पडद्यात. एकदा थेट बायच्या मांडीवर पडलं. तिनं ते चाचपून बघितलं आणि म्हणाली, "ह्येका भूक लागली काय रे?" आम्ही हसलो. नाना हसले नाहीत. ते पेचकस काढून सगळे स्क्रू पुन्हा तपासत बसले. दोष यंत्रात असावा असं त्यांना किती वाटत होतं ते मला दिसत होतं. यंत्रात काही नव्हतं.

दिवाळी तोंडावर आली होती तेव्हाची गोष्ट. त्या संध्याकाळी हेलिकॉप्टर पाटावरून पुढे गेलं आणि चपलांच्या रॅकपाशी लादीवर उतरलं. नानांनी खटका खाली केला. पाती थांबेपर्यंत ते तिकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

"बाय, पाटावर उतरला," ते म्हणाले.

"आयकलंय," बाय म्हणाली.

लाकडावर उतरण्याचा आवाज वेगळा आणि लादीवर उतरण्याचा वेगळा, हे मलाही कळत होतं. ही बाई तर नुसत्या चपलांच्या आवाजावरून लॉबीतून कोण गेलं ते सांगते. तिला कळलं होतं. आणि जन्मात ज्या माणसानं एक खोटा दावा पास केला नाही, तो आपल्या बहिणीपुढे खोटा दावा मांडून उभा होता.

बायनं गॉगल काढला, मान मागे टाकली आणि स्वतःच्या बोटानं खालची पापणी ओढून डोळा उघडा धरला. बाटली वरून हलत हलत खाली आली. मी असतो तर डोळा मिटला असता, कोणीही मिटला असता. तिनं पापणी लवू दिली नाही. थेंब गालाच्या हाडावर पडला.

"गेलो काय गो?"

"गेलो," बाय म्हणाली आणि पदरानं गाल पुसला.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "नाना, उद्यापासून थेंब मी घालू का? समोरच तर असतो मी."

नानांनी बाटलीचं झाकण लावलं. ते पटकन लागेना. "दुसऱ्यानं घालायचा म्हणजे हात गेला," ते म्हणाले. "अट हाताची आहे, विनायक. संजयनं उद्या तुला विचारलं तर तू काय सांगशील? तुला खोटं बोलता येत नाही." बाटली फ्रिजमध्ये ठेवून ते आंघोळीला गेले. संध्याकाळीही आंघोळ करायची त्यांची सवय आहे.

बाथरूमचा नळ सुरू झाल्याचा आवाज आला तशी बाय म्हणाली, "तू आसस ना रे? फ्रिजमधली बाटली आण. बेगीन."

मी बाटली आणली. तिनं पुन्हा मान मागे टाकली. मी आजवर कोणाच्या डोळ्यात थेंब घातला नव्हता. तो एवढासा डोळा, त्यातला उरलेला उजेड, आणि तो माझ्या हाताखाली. माझी बोटं थरथरली.

"मेल्या, तुझो पण हलता काय?" बाय म्हणाली. "घाल. मी बसलंय अशीच."

थेंब आत गेला. तिनं डोळा मिटून घेतला आणि माझं मनगट धरलं. "रोज तो न्हाणीत गेलो की ये. आणि तेका सांगू नको. तेका वाटता तेचो हात बरो आसा. तां तसाच रवांदे."

तेव्हापासून हे चालू आहे. उड्डाण होतं, हेलिकॉप्टर कुठेतरी उतरतं, नाना "पाटावर" म्हणतात, बाय "आयकलंय" म्हणते. नाना थेंब घालतात. एखाद्या दिवशी तो खरोखरच आत जातो, मग नाना आंघोळीला गेले की बाय मला नुसती मानेनं नको म्हणते. एरवी मी घालतो, बाटली होती तशी ठेवतो आणि "नाना, येतो" अशी मोठ्यानं हाक मारून घरी जातो.

दिवाळीत संजय आला आणि आईला परळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. उरलेली नजर आहे तेवढीच आहे, डोळ्यातला दाब ताब्यात आहे, औषध नियमित चाललंय, असं डॉक्टर म्हणाले. संजय येताना पेढे घेऊन आला. "मामा, मानलं तुम्हाला," तो म्हणाला. नाना छताकडे बघत म्हणाले, "रोजचा सराव." संजयनं मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी बेधडक खोटं बोललो असतो. नानांना माझ्याबद्दल उगाच खात्री आहे.

बदलापूरची गोष्ट पुढच्या दिवाळीवर गेली. हात काही सुधारणार नाही. हे असं कुठवर चालेल याचा विचार मी करत नाही.

गेल्या आठवड्यात मला ऑफिसात उशीर झाला. उड्डाणाची वेळ केव्हाच टळून गेली होती. चपला न काढता मी समोर गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. उड्डाण केव्हाच आटपून रिमोट पाटाशेजारी ठेवलेला, बाय खुर्चीवर वाट बघत बसलेली, आणि बाथरूममध्ये नळ चालू. एवढा वेळ कोण आंघोळ करतं? बादली भरून वाहत असल्याचा आवाज बाहेर येत होता. पाण्याचा एक थेंब वाया गेला तर दुसऱ्याला सुनावणारा हा माणूस.

मी बायच्या डोळ्यात थेंब घातला, बाटली जागेवर ठेवली आणि सवयीप्रमाणे मोठ्यानं म्हटलं, "नाना, येतो."

नळ तत्क्षणी बंद झाला. कडी निघाली. नाना बाहेर आले. अंगावर दिवसभराचाच सदरा, खांद्यावर घडी न मोडलेला टॉवेल, आणि भांग जसाच्या तसा, कोरडा. आत बसायला नेलेलं स्टूल त्यांनी दाराआड सरकवलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही आणि मीही त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

मी बाहेर येऊन माझ्या दाराची किल्ली शोधू लागलो. मागे नाना बायला विचारत होते, "डोळो चुरचुरता काय गो आज?"

"नाय रे," बाय म्हणाली. "हात हलको आसा तुझो."